उत्तराखालच्या दोन रेघा

बुधवार, १३ मार्च

संशोधक बाई,
मोजणी केंद्र, तळ्याचा पलीकडचा काठ.

काल, मंगळवार, बारा मार्च, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, भर सुनावणीत तुम्ही तिसऱ्या रांगेतून उभ्या राहिलात आणि माइकची वाट न बघता मला विचारलंत, "आत्या, माझ्या मोजणीला तू किती वजन दिलंस?" वेळ मी बरोबर सांगते आहे, कारण त्या क्षणी मी तुमच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघत होते.

समितीपुढे नातं काढायचं नसतं. तिथे मी आत्या नव्हते. तळ्यातली मासेमारी वर्षाकाठी किती महिने चालू ठेवावी, याचं गणित मांडायला निवृत्तीतून उठवून आणलेली सल्लागार होते. टेबलावर माझ्या पदाची पाटी होती. पाण्याच्या ग्लासावर झाकण होतं. कॉलेजातलं शिकवणं सोडल्यापासून माझ्या ग्लासावर कुणी झाकण ठेवलं नव्हतं. आणि तुम्ही तिथे येऊन...

जाऊ दे. हे अहोजाहो मला पेलत नाही. जिचं नाक माझ्या रुमालाने पुसलं तिला 'तुम्ही' म्हणताना पेनच अडखळतं. तू ती तूच.

तर बेडके, तू विचारलंस आणि मी उत्तर दिलं. "समसमान." शेवटच्या बाकावर अवघडून बसलेल्या मच्छीमारांनाही ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात. बघत राहिलीस आणि मग बसलीस, तेही खुर्ची फरफटत. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये खुर्ची वाजली की सिस्टर वाजवणाऱ्याला तासभर उभं ठेवायच्या. काल खुर्ची तुझी वाजली आणि उभी मी राहिले. निघताना तू माझ्या शेजारून अशी गेलीस, जशी मी दाराजवळची छत्र्या ठेवायची बादली आहे.

वर दुपारी कुणा पत्रकार मुलीला सांगितलंस म्हणे, की हे गणित नाही, हातचलाखी आहे. म्हणून समितीला ज्या शब्दांत सांगितलं त्याच शब्दांत तुलाही सांगते. नेहमीचं गणित पुढे चालतं: तळ्यात मासे इतके, त्यांची वाढ इतकी, जाळी इतकी, तर पुढच्या वर्षी उरतील किती. आपलं हे गणित उलटं चालतं. काय उरलं ते दिसतंय, त्यावरून वाढ किती असली पाहिजे ते मागे जाऊन शोधायचं. पाहुणे निघून गेल्यावर खरकट्या ताटांकडे बघून किती जण जेवले आणि किती अर्धपोटी उठले ते सांगण्यासारखं.

आणि इथे ताटं दोन घरची. एकीकडे तुझी मोजणी: दर महिन्याला ठरलेल्या जागी जाळं टाकून काय हाती लागतं ते. दुसरीकडे तुझ्या बाबाच्या लिलाव शेडमधले विक्रीचे आकडे. तुझी मोजणी म्हणते तळं रिकामं होतंय. बाबाचे आकडे म्हणतात धंदा उत्तम आहे. वाढीचा असा एकही दर निघत नाही जो दोघांना एकदम पटेल. एकाची समजूत काढावी तर दुसरं रुसतं. आपल्या घरात वावरलेल्या बाईला हे समजायला संगणक लागत नाही. तेव्हा कुणाच्या म्हणण्याला किती वजन, हे गणित करणाऱ्याला ठरवावंच लागतं. मी ठरवलं. उत्तर आलं: दहा महिने जाळी चालू, दोन महिने बंद. यात हातचलाखी कुठे आहे ते मला दाखव.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. आठवड्याच्या आत लेखी माफी हवी. चांगल्या अक्षरात.

आत्या


रविवार, १७ मार्च

बेडके,

तुझं उत्तर पोचलं. उत्तर कसलं, माझंच पत्र परत. त्यातल्या एका शब्दाखाली, 'समसमान'च्या खाली, पट्टी लावून तांबड्या पेन्सिलीने मारलेल्या दोन रेघा. स्वतःचं एक अक्षर खर्च केलं नाहीस.

त्या रेघा कुठून आल्या ते तुला सांगायला नको. सिस्टर म्हणायच्या, गणित संपलं की उत्तराखाली पट्टीने दोन रेघा. रेघा नसतील तर उत्तर बरोबर असलं तरी शून्य. ते मी माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना लावलं आणि तुलाही लावलं, माझ्या जेवणाच्या टेबलावर, तू पाय हलवत बसायचीस तेव्हा. तुझ्या रेघा नेहमी तिरप्या यायच्या. या सरळ आल्या आहेत. हात बसला म्हणायचा, पण कुठल्या प्रसंगाला.

दोन दिवस मी फणफणत होते. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही चार शब्द ऐकवले. त्याचा काही दोष नव्हता. नळाचाही फारसा नव्हता.

ठीक आहे. समसमान नव्हतं. बाबाच्या आकड्यांना तीन, तुझ्या मोजणीला एक.

आता तोंड वाकडं करायच्या आधी कारण ऐक. वहिनी अंथरुणाला खिळली होती ते वर्ष आठव. तू हॉस्पिटल आणि तळं यांच्यामध्ये धावत होतीस. एका दुपारी चिखलाचे गमबूट घालूनच माझ्या सोफ्यावर झोपलीस आणि उठल्यावर मला विचारलंस, आज वार कोणता. त्याच वर्षी तुझ्या मोजणीत मासे एकदम निम्म्यावर आले. मला वाटलं, पोरीचं चित्त ठिकाणावर नाही, मोजणी कशी असेल? जिथे मोजणीचा भरवसा कमी तिथे वजन कमी, हे पुस्तकात लिहिलेलं आहे. मी मनाचं काढलेलं नाही.

पुस्तकात हेही लिहिलेलं आहे, की वजन कमी केलं तर का केलं ते सांगावं. ते मी अहवालात घातलं नाही.

आणखी एक. मी फक्त एका वजनाचं गणित केलं असं समजू नकोस. सगळी करून बघितली. तुझ्या बाजूला जास्त वजन टाकलं तर उत्तर तीन महिन्यांवर येतं, बाबाच्या बाजूला टाकलं तर अकरावर जातं. मधली सगळी उत्तरं जोडली की एक वाकडी रेषा होते आणि तिच्यावरचा प्रत्येक बिंदू आपापल्या परीने खरा असतो. सुनावणीच्या आधी ती रेषा मी अध्यक्षांपुढे ठेवली होती. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "बाई, ही घसरगुंडी तुमच्या घरी असू द्या. वर पाठवायला मला आकडा लागतो."

मी हसले. वर्गात कुणी असं बोललं असतं तर त्याला बाहेर काढला असता. पण बैठकीत मी हसले, घरी आले आणि दहाच्या खाली दोन रेघा मारल्या. मग तू विचारलंस तेव्हा ते अध्यक्ष माझ्याकडे मान डोलावून बघत होते, ग्लासावर झाकण होतं, आणि तोंडातून तो शब्द निघून गेला. परत घेता आला असता. आठ-दहा श्वास तू उभीच होतीस.

माफीचं मागणं मी मागे घेते. पण असं मुक्यानं पत्र परत धाडायचं नाही. या आठवड्यात मी शेडवर जाते. बाबाचे आकडे तरी भक्कम आहेत हे डोळ्यांनी बघते, म्हणजे निदान त्या तिनाची लाज वाटायला नको.

आत्या


शुक्रवार, २२ मार्च

बेडके,

शेडवर गेले होते. उजाडताना लिलाव सुरू होतो म्हणून पहाटेच निघाले. जमिनीवर बर्फाचं पाणी, माझ्या पायात चपला. तुझा बाबा ओट्यावर उभा, गळ्यात शिट्टी, कानामागे पेन. मला बघून खालीच उतरला.

"ताई, तू? मासा हवा होता तर निरोप द्यायचा, घरी पाठवला असता."

"मासा नको. आकडे बघायला आले."

"दिले की तुला."

"ते कागदावरचे. मला जिवंत बघायचेत."

"जिवंत इथे कुणी नसतं ताई. सगळे बर्फात."

आजूबाजूचे हसले, मीही हसले. मला स्टूल मिळालं, चहा मिळाला. एकेक होडी धक्क्याला लागत होती आणि पुढच्या दारातून टोपल्या आत येत होत्या. टोपल्या अर्ध्यामुर्ध्या. बोटभर मासे, तेही माणसं ओशाळल्यासारखी ओतत होती. मी मनात म्हटलं, एखादा दिवस वाईट असतो.

मग मागच्या दाराला एक ट्रक लागला. त्यातून निळी खोकी उतरली, एकसारखी, आणि खोक्यांत मासेही एकसारखे, वीतभर लांब. ओटा भरला. तुझ्या बाबाने शिट्टी वाजवली आणि बोली सुरू झाली. व्यापाऱ्यांना काही नवल वाटलं नाही. नवल एकट्या मला वाटलं.

गर्दी पांगल्यावर मी विचारलं, "ती गाडी कुठली?"

"वरच्या धरणावरची."

"इथे कशाला?"

"विकायला. हवा खायला कोण आणतं मासे?"

"कधीपासून?"

त्याने शिट्टी तोंडात धरली, वाजवली नाही, परत सोडली. "तुझी वहिनी गेली त्या वर्षापासून."

"आणि मला दिलेल्या आकड्यांत हे आहेत?"

"शेडमध्ये विकलं ते शेडचं. तू म्हणालीस विक्रीचे आकडे दे, मी दिले. मासा कुठला ते तू विचारलंस का?"

नव्हतं विचारलं, बेडके. तुला विचारलं नाही, मोजणी कशी केलीस. त्याला विचारलं नाही, मासा कुठला. दोन्ही घरी जाऊन नुसते आकडे मागितले आणि गुमान निघून आले, वसुली कारकुनासारखी. दुसऱ्याच पाण्यातल्या माशांना मी तिप्पट वजन दिलं.

मी त्याच्यावर आवाज चढवला. तुला माझा आवाज माहीत आहे. म्हटलं, तुझी पोरगी गळा फाडून सांगते आहे तळं संपतंय, आणि तू ट्रक लावून ओटा सजवतोस?

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "ताई, या शेडवर दीडशे माणसं पोट भरतात. ओटा रिकामा दिसला की व्यापारी दुसरीकडे जातो, आणि गेलेला व्यापारी परत येत नाही. म्हटलं दोन वर्षं ढकलू, तळं भरेल."

"जाळी चालू ठेवून भरेल?"

"तू दहा महिने म्हणालीस." मग पाण्याचा पाइप उचलून ओटा धुवायला लागला. पाठमोराच बोलला. "खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला बरं वाटलं. वाटलं घरातलं कुणीतरी माझ्या बाजूचं आहे. ती जी तुझी रेषा आहे, अध्यक्षांना दाखवलीस म्हणे ती, तिच्यावर आम्ही शेडवाले कुठे बसतो ते एकदा सांग मला."

मी त्याच्या बाजूची नव्हते. कुणाच्याच नव्हते. मी दहाच्या बाजूची होते.

घरी येऊन साडी दोनदा धुतली. वास जात नाही.

आत्या


सोमवार, २५ मार्च

चि. बेडकीस,

काल बाबा घरी आला. आपणहून. वहिनी गेल्यापासून माझ्या टेबलाशी तो बसला नव्हता, आणि तुम्ही दोघं एकत्र बसला नव्हतात त्याला तर काय काळ लोटला. आपल्या नेहमीच्या खुर्चीवर न बसता तुझ्या खुर्चीवर बसला. कुठल्या महिन्यात ट्रक किती आले ते तोंडपाठ सांगायला लागला आणि मी लिहून घेत गेले. हिशोबाला त्याला कागद कधीच लागला नाही. शाळेत मात्र तो नापास व्हायचा, कारण रेघा मारायचा नाही.

ट्रकचे मासे वजा करून रात्री गणित पुन्हा लावलं. तुला बघायला आवडलं असतं. इतके दिवस एकमेकांकडे पाठ करून बसलेले दोन्ही घरचे आकडे एकदम एकाच दिशेला तोंड करून बसले. ती लांबलचक घसरगुंडी आखडून करंगळीएवढी उरली: जाळी चालू ठेवायची ती एका महिन्यापासून तीन महिन्यांपर्यंत. त्यातलं नेमकं कुठलं, हे अजूनही गणित सांगत नाही. आणि तळं बंद असताना शेडवरची दीडशे माणसं काय करतील, हे तर मुळीच सांगत नाही. ते समितीने ठरवायचं, उजेडात, लोकांसमोर. माझं काम होतं रेषा पुढे ठेवण्याचं, आणि मी ती घरी नेली.

तो निघायच्या आधी मी त्याला सांगून टाकलं, तुझ्या मोजणीचं वजन मी का कमी केलं ते. वहिनीच्या आजारपणाचं वर्ष, तुझं थाऱ्यावर नसलेलं चित्त, सगळं. त्याने कप खाली ठेवला.

"त्या वर्षीची मोजणी चुकली असं कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"तू होतीस का तिथे?"

"नव्हते."

"मग ऐक. मोजणीचा आठवडा असला की पोरगी केंद्रातून थेट हॉस्पिटलात यायची. बूट बाहेर काढायची आणि आईच्या उशाशी बसून सांगायची, आज कुठल्या जागेवर किती आले, लहान किती, मोठे किती. हिला ते ऐकल्याशिवाय झोप लागायची नाही. एकदा दमून आली होती, म्हणाली, आई, आज नेहमीइतकेच. तर ही म्हणते, नेहमीइतके म्हणजे किती? पोरगी उठली, खाली जाऊन केंद्रात फोन लावला, आकडा घेऊन वर आली." मग म्हणाला, "ती मला खोटं सांगेल, ताई. तुला सांगेल. आईला नाही सांगणार. त्या वर्षीची मोजणी खरी आहे."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. मी ते त्याच्या चेहऱ्यावर उमटताना बघितलं. आपल्याच शेडच्या दाराला त्याने आपल्याच तोंडाने कडी घातली होती. थंड झालेला चहा पिऊन टाकला आणि म्हणाला, "लिही तू. गाडीचंही लिही. नाव माझंच घाल, शेडवर कुणाला बोल लागायला नको." दारात चपला घालताना विचारलं, "ती ठीक आहे ना?" मला कुठे माहीत आहे?

आता एक गोष्ट राहिली. मागच्या पत्रांत मी ती दोनदा टाळली आहे. तुझ्या नजरेतून सुटली नसणार, पण माझ्याकडून ऐक.

त्या वर्षामुळे मी तुझं वजन कमी केलं, हे खरं नाही. आधी दहा ठरलं. दहा म्हणजे बाबाची शेड चालते, तुला दोन महिने बंदी मिळते, कुणीच पूर्ण हरत नाही, आणि एखाद्या रविवारी तुम्ही दोघं माझ्या टेबलाशी बसून एकमेकांना वाढता. मला ते दहा हवं होतं. मग दहा येण्यासाठी वजन किती लागेल ते मागे जाऊन शोधलं. तिनास एक. मग तिनास एक का, याला कारण हवं होतं, म्हणून आणखी मागे गेले, तेव्हा तुझी आई आजारी असलेलं वर्ष हाताला लागलं. उलटं गणित मी आयुष्यभर शिकवलं, पण इतक्या सफाईने कधी केलं नव्हतं. वहिनीच्या आजारपणालाही मी कामाला लावलं. तुला सोफ्यावर झोपलेली बघितली तेव्हा अंगावर शाल मी घातली होती. तीच दुपार पुढे तुझ्याविरुद्ध वापरली.

हे सगळं, वरचा परिच्छेद सोडून, समितीसाठी लिहून काढलं आहे. समसमान म्हणाले ते असत्य होतं, हे पहिल्याच ओळीत आहे. माझ्या ग्लासावर यापुढे झाकण ठेवायचं की नाही ते अध्यक्षांचं ते बघतील. हरकती घेण्याची मुदत शुक्रवार, २९ मार्च, संध्याकाळी पाचला संपते. त्याआधी कागद मी स्वतः नेऊन देणार, पोच घेणार.

त्यात एक जागा कोरी ठेवली आहे. तुझ्या मोजणीला वजन किती, तो आकडा. तो तू घालायचा आहेस. जी वर्षं तुला स्वतःला डळमळीत वाटतात तीही लिही, माझ्यापेक्षा कडक हात लावलास तरी चालेल. तू काही लिहिलं नाहीस तर मी पूर्ण वजन देईन. लिहिलंस तर तू म्हणशील तेवढं देईन. पण या खेपेला तुला विचारल्याशिवाय देणार नाही.

आकड्याखाली रेघा मारू नकोस.

आणि बाबाने दारात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच कागदावर, वेगळ्या ओळीत. ते मला त्याच्याकडे पोचवायचं आहे.

माझंच पत्र परत आलेलं चालणार नाही. फोन चालणार नाही. तुझ्या हातचं लेखी उत्तर, गुरुवार, २८ मार्च, दुपारी बाराच्या आत, माझ्या दारात.

आत्या